मदत हवी आहे : इंदुरात प्राण्यांच्या डॉक्टरसाठी समुपदेशक

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकली, आता इथेच इंदुरात प्राण्यांच्या दवाखान्यात असते. हल्ली घरी आली की बोलतच नाही. परवा एका म्हाताऱ्या लॅब्राडॉरला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. मालक रडत होते, त्यांना धीर हिनेच दिला आणि लगेच पुढच्या टेबलावर पिल्लाची लस. बिलावरून बोलणी खाणं तर रोजचंच. रात्री ताटातली पोळी तशीच राहते, फोन वाजला की दचकते. कधी कधी उपचार शक्य असतो, पण मालकाकडे पैसे नसतात. ते तिला सर्वांत जास्त लागतं. हा भार नुसत्या सुट्टीने उतरेल असं मला वाटत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर ती बोलली. मोफत आहे, चोवीस तास चालतं, नीट ऐकून घेतलं. पण आता समोर बसून नियमित बोलायला कोणीतरी हवं. शक्यतो मराठी बोलणारे, रात्री आठनंतर वेळ देणारे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ कोणाच्या माहितीत आहेत का? ‘कुत्र्यासाठी एवढं काय’ म्हणणारे नकोत. आणि तुमच्यात कोणी व्हेट असेल तर तिच्याशी एकदा बोलाल का? प्लीज मेसेज करा.