काचांना फिल्म लावायचं दुकान: नाना पेठ की वाकड?

गाडीवान:
मेव्हणा नाना पेठेत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गाड्यांच्या काचांना फिल्म लावतो. हात चांगला आहे. मागच्या गोल काचेवर हीट गन फिरवून फिल्म बसवतो, एक सुरकुती राहत नाही. आता स्वतःचं टाकायचं म्हणतोय, भांडवल माझं. दोन जागा बघितल्यात. एक पेठेतच, दहा बाय पंधराचा गाळा, वर पोटमाळा. दुसरी वाकडला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर पत्र्याची शेड, आत दोन गाड्या आरामात मावतात. भाडं जवळपास सारखंच. माझा कल वाकडकडे, कारण पेठेत गाळा म्हणजे नुसतं काउंटर, काम रस्त्यावरच. मेव्हणा म्हणतो, "दाजी, गिऱ्हाईक पेठेत येतं, तिकडे आपल्याला कोण विचारणार?" जाणकारांनी बोलावं.

पेठकर:
मेव्हण्याचं ऐका. पुण्यात गाडीचं काहीही हवं असलं की माणसाच्या तोंडी आधी नाना पेठ येते. सीट कव्हर घ्यायला आलेला माणूस शेजारच्या दुकानात फिल्मचा भाव विचारतो, आणि चार दुकानं फिरता येतात म्हणूनच तो येतो. हायवेवरून ऐंशीने जाणारा तुमचा बोर्ड वाचायला थांबणार आहे का?

धूळवड:
भाव विचारत फिरणारं गिऱ्हाईक या धंद्यात काय कामाचं? ते शंभर रुपयांसाठी शेजारी जातं.

मी हे काम केलंय म्हणून सांगतो. फिल्मचा लायनर, म्हणजे चिकट बाजूवरचं आवरण, सोलला की ती धूळ अक्षरशः ओढून घेते. त्याच वेळी बाजूने टेम्पो गेला की संपलं. काचेच्या मधोमध बारीक पांढरा ठिपका, आणि तो गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर दिसतो. मग फिल्म काढा, गोंद खरवडा, दुसरी लावा. मटेरियल तुमचं, वेळही तुमचाच.

जागेचं गणितही मांडा. फॉर्च्युनर 4795 मिलिमीटर लांब, म्हणजे पावणेसोळा फूट. तुमच्या गाळ्याचं शटरच लागणार नाही. दारं उघडून आतून काम करायचं तर रुंदी बारा फूट तरी हवी. बाहेर उभी करावी, तर सम-विषम तारखेचं पार्किंग आणि टोइंगवाले. अर्धी फिल्म लागलेली गाडी उचलून नेली तर दंड कोण भरणार, मेव्हणा?

आयटीवाला:
गिऱ्हाईक म्हणून लिहितोय. सकाळी गाडी टाकून कॅबने ऑफिसला जाईन, संध्याकाळी घेऊन जाईन. यासाठी पेठेत येणं माझ्याच्याने होणार नाही. पण वाकडला शेड हायवेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. भुमकर चौकातून वळसा मारून यावं लागणार असेल तर तीच गत. आणि मला काळी काच नकोय, ऊन कमी लागलं की झालं.

पेठकर:
धुळीचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो, वाकड-पुनावळ्याला काय हवा स्वच्छ आहे? जिकडे तिकडे बांधकाम, दिवसभर मिक्सर फिरतात. शिवाय पाणी टँकरचं किंवा बोअरचं. फिल्म सरकवायला बेबी शाम्पू घालून जे पाणी फवारतात ते जड असलं की वाळल्यावर डाग राहतात.

धूळवड:
पाणी एका गाडीला बादलीभरही लागत नाही, आरओचं आणा. शेडला प्लॅस्टिकचे पडदे लावता येतात, फरशी ओली ठेवता येते. पेठेतला रस्ता ओला ठेवून दाखवा.

कायद्याचं_बोला:
जागेआधी धंद्याचं बघा. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. एप्रिल 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली, टक्के कितीही असोत. पुढे त्याच नियमांतला काचांबद्दलचा नियम 100 बदलला, 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला. त्यावर बोट ठेवून केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये मर्यादेतली फिल्म चालेल असं म्हटलं. पण चौकातल्या हवालदाराला केरळचा निकाल ऐकवून बघा! दुकान सिग्नलच्या तोंडावर असेल तर गाडी तुमच्या दारातून निघून थेट पावतीला जाईल. गिऱ्हाईक परत येऊन तुमच्याच नावाने शिमगा करणार.

पेठकर:
म्हणजे दुकान आडोशाला टाका असं म्हणताय? मग गिऱ्हाईक कुठून येणार?

कायद्याचं_बोला:
आडोशाला नाही. मर्यादेतली फिल्म लावा, बिलावर टक्के लिहून द्या. अर्धी गिऱ्हाइकं "अजून काळी नाही का?" म्हणत निघून जातील, तेवढं धरूनच भाडं ठरवा.

जुन्या_गाड्या:
माझा सेकंडहँड गाड्यांचा धंदा आहे. नव्या गाड्यांच्या शोरूमशेजारी जागा शोधू नका, ते डिलिव्हरीआधीच सगळ्या ॲक्सेसरीज गळ्यात मारतात. दसऱ्या-पाडव्याला कामं साचली की बाहेरच्या फिटरला बोलावतील, पण दर त्यांचा. जुन्या गाड्यांच्या डीलर्सची ओळ असेल तिथे बसा. आम्हाला प्रत्येक गाडी उभी करण्याआधी चकचकीत करायची असते, जुनी फुगे आलेली फिल्म काढायची असते. उधारी मात्र राहते, खोटं कशाला बोलू.

चिंचवडकर:
दुकान हवंच कशाला? सोसायट्यांत घरपोच फिटिंग करा.

धूळवड:
बेसमेंटमध्ये उजेड नाही, वर पाइप गळतात, आणि गेटवर सेक्रेटरीची परवानगी. छोट्या काचेपुरतं ठीक आहे.

गाडीवान:
शेडच्या मालकाशी बोललो. करार 11 महिन्यांचा, पुढे भाडं किती वाढवणार ते सांगत नाही. पडदे, लाइट, फरशी सगळं आम्हीच करायचं. मेव्हणा तेवढ्यावरच अडून बसलाय.

पेठकर:
बरोबरच बसलाय. तुम्ही शेड सजवायची आणि वर्षभराने मालकाने ती दुसऱ्याला द्यायची. आणि पावसाळ्यात एकदा बघून या, सर्व्हिस रोडला पाणी किती तुंबतं ते.

धूळवड:
पेठेत तुंबत नाही वाटतं? करारात तीन वर्षं लिहून घ्या, भाडेवाढीचा आकडाही घाला. मालक तयार नसेल तर दुसरी शेड बघा, पण दहा बाय पंधरात पैसे घालू नका.

पेठकर:
तीन वर्षं लिहून देणारा मालक भेटला तर मलाही नंबर द्या.