चित्रकलेकडे वळलेल्या भाचीला बारावीनंतर काय भेट द्यावी?

प्रश्न : मावशी, दांडिया बाजार, वडोदरा

माझी भाची यंदा बारावी उत्तीर्ण झाली असून तिला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकलेसाठी प्रवेश मिळाला आहे. आमच्या घरात आजवर कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात असे नोकरीचेच लोक. हातात कुंचला घेऊन शिकायला निघालेली ही पहिलीच मुलगी. त्यामुळे तिला काहीतरी मनापासून द्यावे असे फार वाटते, परंतु तिच्या कामाचे काय आणि बिनकामाचे काय, हे मला मुळीच कळत नाही. पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. रावपुऱ्यातील एका दुकानात ४८ रंगांची लाकडी पेटी पाहून आले. ती दिसायला देखणी आहे. बहीण म्हणते कानातले दे, तर आमच्या यजमानांच्या मते पाकिटात रोख रक्कम घालून द्यावी. या क्षेत्रातील कोणी असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : याच विद्याशाखेचा माजी विद्यार्थी

नमस्कार मावशी. रंगांची पेटी कृपया घेऊ नका. मला अशीच पेटी भेट मिळाली होती आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक नळ्या न वापरताच वाळल्या. पेटीत रंगांची संख्या मोठी असली तरी प्रत्येक नळी लहान असते, शिवाय अशा पेट्या बहुधा विद्यार्थ्यांसाठीच्या प्रतीच्या असतात, म्हणजे त्यांत रंगद्रव्य कमी आणि भर अधिक असते. दोन निळे, दोन पिवळे, दोन लाल, एक मातकट तपकिरी आणि पांढरा एवढ्या रंगांवर शिकणाऱ्याचे पुष्कळ दिवस निघतात, आणि मिश्रण करायला हातही त्यामुळेच शिकतो. नेमके कोणते रंग आणायचे ते शिक्षक वर्गात सांगतीलच.

आपल्याला वस्तूच द्यायची असेल तर कागद द्या. नवा विद्यार्थी काटकसर करतो ती कागदावर, आणि तिथेच त्याचे नुकसान होते. पातळ कागदावर जलरंगाचे पाणी पडले की तो फुगतो, आणि मुलांना वाटते की आपला हातच वाईट आहे. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ३०० ग्रॅम असलेला जाड), शक्यतो सुती लगद्याचा कागद घ्यावा. पूर्ण आकाराचा ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा असतो. असे काही ताव, रोजच्या रेखाटनासाठी जाड बांधणीच्या दोन वह्या, ४बी आणि ६बी या मऊ, गडद पेन्सिली व रेखाटनाचा थोडा कोळसा, एवढे सारे आपल्या रकमेत आरामात बसेल. वही मात्र पिशवीत मावणारी असावी. आम्ही संध्याकाळी रेल्वे स्थानकावर बसून गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांची रेखाटने करायचो. मोठी वही घरी राहायची आणि लहान वही भरायची.

उत्तर २ : एक आजी, मांडवी

मी कानातल्यांच्या बाजूने आहे. माझ्या मावशीने मला मॅट्रिकनंतर दिलेल्या कुड्या मी आजही घालते. कागद वर्षभरात संपेल. सोने अंगावर राहते आणि अडीअडचणीला कामीही येते.

उत्तर ३ : निवृत्त शिक्षिका

आजींचे म्हणणे मला पटते, पण पाच हजारांत आज फार थोडे सोने येते, आणि या मुलीची अडचण साहित्याची असणार आहे. रोख द्यायची असल्यास एकदम देऊ नये, असे माझे मत आहे. दरमहा पाचशे रुपये याप्रमाणे दहा महिने द्यावेत, कारण साहित्य वर्षभर लागत राहते आणि दर वेळी वडिलांपुढे हात पसरणे या वयात अवघड जाते.

दुसरी एक गोष्ट सुचवते. एक दिवस तिच्यासोबत काढा आणि आपल्या वडोदऱ्यातील कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात जा. तेथील भिंतींवर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि रवींद्रनाथ टागोरांचे नाटक ‘नटीर पूजा’ हे विषय रंगवले आहेत. मग महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची तैलचित्रे दाखवा. एकाच गावात, एकाच दिवसात, रेषेचे दोन अगदी निराळे विचार तिला पाहता येतील. ‘आमच्या घरात पहिलीच’ असे आपण लिहिले आहे, म्हणून हेही तिला सांगावे की १९५० मध्ये ही विद्याशाखा सुरू झाली तेव्हा चित्रकला विभागाची धुरा चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांनी वाहिली, आणि ते इंदूरच्या मराठी घरातले होते.

पुन्हा मावशी

सर्वांची मी ऋणी आहे. उत्तरे वाचून मी सरळ भाचीलाच विचारले, जे खरे तर आधीच करायला हवे होते. ती बराच वेळ संकोचून गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मावशी, ओले चित्र वाळत ठेवायला घरात जागा नाही.” त्यांच्या दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, हे मला ठाऊक असूनही सुचले नव्हते. आमच्या माडीवरच्या खोलीत गाद्या आणि जुनी भांडी पडून आहेत. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. येत्या रविवारी ती खोली रिकामी करून किल्ली तिच्या हाती देणार आहे, सोबत कागद आणि दोन वह्या. कीर्तिमंदिराला आम्ही त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ. त्या खोलीत सध्या पिवळा दिवा आहे, तो चालेल का?

उत्तर ४ : माजी विद्यार्थी

उत्तरेची खिडकी म्हणजे तिचे भाग्यच. तिथून थेट ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे दिवसभर प्रकाश फारसा बदलत नाही. दिवा मात्र बदला. पिवळ्या उजेडात निळा मंदावतो आणि फिका पिवळा कागदावर दिसेनासा होतो, मग सकाळी चित्र पाहिले की रंग चुकलेले आढळतात. सुमारे ५००० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असलेला एलईडी घ्या; हे आकडे बहुधा खोक्यावर छापलेले असतात. आणि ओली चित्रे वाळत घालायला भिंतीला खिडकीपासून जरा दूर एक दोरी बांधून चिमटे अडकवून ठेवा.