'मिडलमार्च'मधली कास आणि 'मॉरल स्टुपिडिटी' : मराठीत काय लिहाल?

मोरावळा
जॉर्ज इलियट या पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज बाईंच्या 'मिडलमार्च' कादंबरीतलं (१८७१-७२) एकविसाव्या प्रकरणातलं एक वाक्य वाचनगटासाठी मराठीत करतेय. आशय असा, की आपण सगळेच 'मॉरल स्टुपिडिटी'त जन्माला येतो आणि अख्खं जग म्हणजे आपल्या थोर 'मी'ला पाजणारी कास आहे, असं धरून चालतो. मी लिहिलं, 'जगाला कास समजून'. गटातले एक काका म्हणाले, "जगाची कास धरली तर वाईट काय त्यात?" अर्थ पार उलटा! 'आचळ' करू का? आणि 'स्टुपिडिटी'ला 'मूर्खपणा' लिहवत नाहीये. हे वाक्य जिच्याबद्दल आहे ती नायिका डोरोथिया मूर्ख नाही हो.

पाटीलवाडा
आचळ म्हणजे एक सड. बाईंना सगळं जग म्हणायचंय, तिथे एका सडावर कसं भागेल? कासच ठेवा. काकांना एकदा म्हशीखाली बसवा.

शुद्धमती
'कास धरणे'तली कास गाईम्हशीची नव्हेच. ती कासोट्याची. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासेला लागून पैलतीर गाठायचा, त्यावरून आधार घेणे. उच्चार एक, शब्द दोन. गोंधळ टाळायचा तर 'जगाला कामधेनू मानून' असं करावं.

घाटमाथा
आमची आजी म्हणायची, "वासरू कास धरतं तशी देवाची कास धर." ती चुकत होती का मग?

शुद्धमती
उपमा गोड आहे. व्युत्पत्ती नाही.

घाटमाथा
आजी जन्मभर नऊवारी नेसली. कासोटा तिला तुमच्याआधी ठाऊक होता, तरी तिने वासरूच निवडलं. बोलणाऱ्याच्या मनात जे असतं त्याची काहीच किंमत नाही का तुमच्या शास्त्रात?

दोनप्रहर
कामधेनू नको. इलियटबाईंचे वडील वॉरिकशरमधल्या आर्बरी इस्टेटीचे कारभारी होते आणि त्यांच्या 'ग्रिफ' नावाच्या घरी दूधलोण्याचा व्याप होता. तिने कास लिहिली ती शेण-चाऱ्याच्या वासासकट. कामधेनू आणली की वाक्याला उदबत्ती लावल्यासारखं होतं.
आता स्टुपिडिटी. मोरावळाताई, एक प्रकरण मागे जा. रोममध्ये डोरोथिया एकटी रडतेय, तिथे निवेदिका म्हणते, साध्यासुध्या माणसांच्या आयुष्याचं सगळं आपल्याला ऐकू यायला लागलं, तर ते गवत वाढताना आणि खारीचं काळीज धडधडताना ऐकण्यासारखं होईल, शांततेपलीकडच्या त्या गर्जनेने आपण मरूनच जाऊ. म्हणून आपल्यातले तल्लख लोकसुद्धा स्टुपिडिटीचे बोळे कोंबून हिंडतात. शब्द तोच! स्ट्राउस (१८४६) आणि फॉयरबाख (१८५४) या विचारवंतांची पुस्तकं जर्मनमधून इंग्रजीत आणलेली बाई आहे ही, लागोपाठच्या प्रकरणांत एकच शब्द सहज पडला असेल असं मला वाटत नाही. दोन्हीकडे चालेल असाच शब्द हवा. मी 'बधिरपणा' म्हणेन. ऐकू न येणंही आलं, संवेदना नसणंही आलं.

मोरावळा
अरे वा! 'नैतिक बधिरपणा'. इथे तिचा नवरा कॅसॉबन वाईट आहे की चांगला, हा मुद्दाच नाही. आपल्यासारखाच त्यालाही एक आतला 'मी' आहे, त्या 'मी'वरून उजेड आणि सावली वेगळीच पडते, हे तिला नुसतं कळून उपयोगाचं नाही, जाणवायला हवं. बसतंय.

सुगरणपक्षी
मी कर्णबधिर मुलांना शिकवते. 'बधिर' हा शब्द दोषासारखा वापरलेला वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. माझी मुलं समोरच्याचा चेहरा तुमच्याआमच्यापेक्षा बारकाईने वाचतात.

दोनप्रहर
मला दाताच्या डॉक्टरकडचं दीर्घ 'बधीर' अभिप्रेत होतं.

शुद्धमती
मग 'बधीरपणा' लिहा. ऱ्हस्वदीर्घाला काही अर्थ असतो.

सुगरणपक्षी
वाचताना कोण बघतंय वेलांटी!

पाटीलवाडा
बधीर माणूस आधी शुद्धीत असतो, मग त्याला इंजेक्शन देतात. इथे जन्मापासूनची गोष्ट चाललीय. मठ्ठ म्हणा. दूधदुभत्याच्या घरात मठ्ठा शोभूनही दिसेल.

शुद्धमती
मठ्ठ आणि मठ्ठा यांचा काडीचा संबंध नाही.

पाटीलवाडा
विनोद होता साहेब. 'मठ्ठ'बद्दल मात्र गंभीर आहे. शाळेत आम्हाला रोज म्हणायचे, आम्ही निभावलं.

घाटमाथा
माझा आक्षेप 'नैतिक'वर आहे. 'नैतिक' म्हटलं की मराठी माणूस बल्स्ट्रोड शोधायला लागतो. म्हणजे देवाचं नाव घेऊन पैशाचे उद्योग झाकणारा सावकार. इथे तर नुसतं दुसऱ्याचं 'असणं' न जाणवण्याबद्दल चाललंय. निवेदिकासुद्धा पुढे डोरोथियाबद्दल सांगता सांगता मध्येच अडते आणि विचारते, दर वेळी डोरोथियाच का? कॅसॉबनची बाजू कोण सांगणार? विशेषणच काढून टाका आणि क्रियापदावर या. 'आपण सगळे जन्मतःच जगाला लुचत असतो.' कासेचा घोळही मिटला.

मोरावळा
'लुचणे' फार आवडलं. पण मग स्टुपिडिटी गेली कुठे?

पाटीलवाडा
लुचणारं वासरू मठ्ठ नसतं. पान्हा चोरला तर ढुशा देऊन काढतं.

सुगरणपक्षी
'लुच्चा' हा 'लुचणे'वरूनच आला ना? दुसऱ्याला लुचतो तो लुच्चा.

शुद्धमती
नाही! 'लुच्चा' हिंदीतही आहे, तो काय आपल्या गोठ्यातून गेला?

घाटमाथा
गेला असेल. मराठे अटकेपर्यंत गेलेच होते की.

दोनप्रहर
कुणी 'स्टुपिडिटी'कडे बघेल का?

सुगरणपक्षी
बघते. त्याआधी एक. साताऱ्याच्या कास पठाराचं नाव यातल्या कुठल्या कासेवरून?

पाटीलवाडा
कुठल्याच नाही. तिकडे कासा नावाचं झाड आहे, त्यावरून म्हणतात.

शुद्धमती
'म्हणतात' म्हणजे कोण म्हणतं?