मदत हवी आहे: कोडची काळी-पांढरी प्रिंट, पण कीवर्ड उठून दिसले पाहिजेत

राजेहो, आर्वी तालुक्यातल्या एका गावात बारावीच्या पोरांना सी++ शिकवतो. बऱ्याच पोरांकडे घरी कॉम्प्युटर नाही, कोड कागदावरच वाचतात. म्हणून हायलाइटिंगसकट प्रिंट पाहिजे, म्हणजे कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द), कॉमेंट (कोडमधल्या टिपा) आणि स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) वेगवेगळे दिसले पाहिजेत.

कोड लिहायच्या व्हीएस कोड एडिटरात प्रिंटची सोयच नाही. तिथून वर्डमध्ये पेस्ट केलं की रंग येतात, डार्क थीम असली तर मागचा काळा रंगही येतो. लाइट थीमनं छापलं तर निळे कीवर्ड, हिरव्या कॉमेंट, तपकिरी स्ट्रिंग, लेझर प्रिंटरवर सगळं सारखंच करडं. त्याची झेरॉक्स काढली की कॉमेंट गायब! रंगीत प्रिंट पोरांना परवडत नाही.

कॉमेंट मराठीत आहेत. ओळींचे नंबरही हवेत. विंडोज १०, नेट येऊन-जाऊन.

पऱ्हाटी: सर, रंगाचा नादच सोडा, ठळक-तिरप्यावर या. नोटपॅड++ या एडिटरमध्ये स्टाइल कॉन्फिगरेटर उघडून कीवर्ड बोल्ड, कॉमेंट इटॅलिक करा. मग प्रेफरन्सेसमध्ये प्रिंटखाली 'ब्लॅक ऑन व्हाइट' आणि ओळ क्रमांक. नेट लागत नाही.

लिनक्सवाला: कोड छापायचं एन्स्क्रिप्ट वापरलं तर?

पऱ्हाटी: त्याले यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) कळत नाही भाऊ, मराठी कॉमेंटचा पार चिवडा होते.

रातपाळी: पायथन असेल तर पायग्मेंट्स बघा, कोडला हायलाइटिंग करून देणारं साधन आहे. त्यात 'बीडब्ल्यू' नावाची स्टाइल याच कामाची आहे: कीवर्ड ठळक, कॉमेंट आणि स्ट्रिंग तिरप्या, रंग जवळपास नाहीच. एकच व्हील फाइल (पायथनचं इन्स्टॉल करायचं पॅकेज) लागते, पेनड्राइव्हवर आणता येते. आउटपुट एचटीएमएल घ्या, 'फुल' पर्याय लावा म्हणजे पूर्ण पान तयार होतं, एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगा. ओळ क्रमांक 'इनलाइन', म्हणजे कोडच्याच ओळीत ठेवा. 'टेबल', म्हणजे वेगळ्या रकान्यात ठेवले आणि लांब ओळ मोडून खाली आली, तर पुढचे सगळे नंबर सरकतात.

धागाकर्ता: नोटपॅड++ चं जमलं, झेरॉक्सवरही कीवर्ड ठळकच राहिले. तिरपी देवनागरी मात्र डोळ्याला खुपते, म्हणून कॉमेंट साध्याच ठेवल्या. पायग्मेंट्सची फाइल पेनड्राइव्हवर मागवतो. एचटीएमएल तशीच दुकानात नेली तर चालंल का?

रातपाळी: नका नेऊ. तिथे दुसरा फॉन्ट लागला तर ओळी भलतीकडेच मोडतील. ब्राउझरमधून ए४ ची पीडीएफ करा, हेडर-फुटरची खूण काढा, नाहीतर प्रत्येक पानावर फाइलचा पत्ता छापून येतो.