मदत हवी आहे : कॉन्टेसासाठी कोणते इंजिन, एलएस३ की होंडा के२०सी१?

नमस्कार मंडळी. नागपुरात माझ्याकडे हिंदुस्तान मोटर्सची १.८ लिटर इसुझू इंजिनाची कॉन्टेसा आहे. वाहनातील बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पाहता, इंजिन बदलून ती रस्त्यावर न आणता फक्त रेसिंग ट्रॅकसाठी तयार करायची, असे ठरवले आहे.

पहिला पर्याय शेवरलेचे ६.२ लिटर एलएस३, सुमारे ४३० अश्वशक्तीचे. व्ही८ (आठ सिलिंडरचे) असूनही त्याचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) ब्लॉकमध्येच असल्याने सिलिंडरवरचे हेड लहान राहतात, आणि म्हणूनच चार कॅमशाफ्टच्या रुंद फोर्ड कोयोटी व्ही८ इंजिनापेक्षा ते अरुंद जागेत बसवणे सोपे जाते. कोयोटी मी यादीतून काढलेच आहे. दुसरा पर्याय होंडाचे २ लिटर टर्बो के२०सी१, सुमारे ३०६ अश्वशक्तीचे. पुढच्या चाकांवर वजन कमी पडेल, हा त्याचा मोठा गुण. पण ते मुळात आडवे बसवण्यासाठी घडवलेले असल्याने मागच्या चाकांना ताकद द्यायची तर वेगळी बेलहाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे कवच), वेगळा ऑइल संप (इंजिनाखालचे तेलाचे पात्र) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकची फेरमांडणी आलीच. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि रेडिएटर एकामागे एक लावून टर्बो थंड राहील का, याची मला शंका आहे.

माझा कल एलएस३ कडे आहे. तथापि कॉन्टेसाचा मूळ मागचा एक्सल त्या टॉर्कपुढे तग धरणार नाही, हे उघड आहे. त्याजागी भारतात सहज मिळणारा कोणता एक्सल बसवावा, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूचा एक्झॉस्ट हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) कसा वळवावा, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.