फायब्रॉइड म्हणून गर्भपिशवी काढली, रिपोर्टमध्ये 'स्टम्प' आलं. पुढे काय?

भीमाकाठ:
वहिनीचं वय ४४, पाळी चालू होती. दुर्बिणीने गर्भपिशवी काढली. ९ सेंमीची गाठ मॉर्सेलेटरने तुकडे करून काढली, तुकडे करताना बॅग वापरली नव्हती. अंडाशय ठेवले आहेत. रिपोर्टचा सारांश: स्मूथ मसल ट्यूमर (स्नायूची गाठ), 'स्टम्प' गट (साधी की कर्करोगाची हे नक्की न ठरणारी), १० एचपीएफमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणारं क्षेत्र) ७ माइटोसिस (विभागत असलेल्या पेशी), काही भागांत मध्यम एटिपिया (पेशींचं विचित्र रूप), नेक्रोसिस (मेलेला भाग) आहे पण प्रकार ठरवता येत नाही, लायोमायोसार्कोमा (स्नायूचा कर्करोग) नाकारता येत नाही. तपासणीसाठी एकूण ३ सेक्शन (काप) घेतल्याचं लिहिलंय. ऑपरेशनला दोन आठवडे झाले. कोणी लगेच पेट स्कॅन सांगतं, कोणी केमो. आधी काय करावं?

स्लाइडवाचक:
स्कॅनची वेळ घ्या, पण त्याआधी, आजच, लॅबला फोन करा. फॉर्मॅलिनमध्ये उरलेले तुकडे टाकून देऊ नका, असं सांगा आणि लेखीही द्या. बहुतेक लॅब काही आठवड्यांनी उरलेला नमुना नष्ट करतात. ९ सेंमीच्या संशयास्पद गाठीतून ३ सेक्शन फारच कमी. दर सेंमीला एक, म्हणजे किमान ९ हवेत. त्यातही मऊ, पिवळसर, मांसल किंवा रक्ताळलेले तुकडे आधी. पांढरे, टणक, भोवऱ्यासारखी रचना दिसणारे तुकडे बहुधा साधा फायब्रॉइडच असतात. मॉर्सेलेट केलेल्या नमुन्यात गाठीची कड आणि मूळ आकार दोन्ही हरवतात, म्हणून सेक्शन वाढवण्याला पर्याय नाही.

निदान तीन गोष्टींवर ठरतं: ट्यूमर सेल नेक्रोसिस, मध्यम ते तीव्र आणि पसरलेला एटिपिया, आणि १० एचपीएफमध्ये १० किंवा जास्त माइटोसिस. नेहमीच्या प्रकारात तिन्हींपैकी दोन असतील तर लायोमायोसार्कोमा. मिक्सॉइड (चिकट द्रव्य भरलेल्या) आणि एपिथेलिऑइड (गोलसर पेशींच्या) प्रकारांना याहून कमी आकडे पुरतात. 'एचपीएफ' म्हणजे किती क्षेत्र, हे सूक्ष्मदर्शकागणिक बदलतं. त्यामुळे मोजणी दर चौरस मिमीला किती, अशी मागा. १० चा आकडा साधारण ४ प्रति चौरस मिमी इतका येतो.

खरी गोम नेक्रोसिसमध्ये आहे. रक्तपुरवठा तुटून फायब्रॉइड मेला, तर मृत आणि जिवंत भागांच्या मध्ये हायलाइन (काचेसारखा दिसणारा) किंवा ग्रॅन्युलेशनचा (भरून येणाऱ्या जखमेसारखा) पट्टा दिसतो. ट्यूमर नेक्रोसिसमध्ये जिवंत पेशींवरून थेट मृत भाग लागतो, मध्ये पट्टा नाही, आणि रक्तवाहिन्यांभोवती जिवंत पेशींची कडी उरते. ऑपरेशनआधी जीएनआरएच इंजेक्शन (हार्मोन दाबून गाठ लहान करणारं), रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड किंवा एम्बोलायझेशन (गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं) झालं असेल तर पॅथॉलॉजिस्टला आवर्जून सांगा, कारण त्यांनीही नेक्रोसिस होतो. लहान डब्यात, अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये कोंबलेला नमुना आतून कुजतो. तेही नेक्रोसिससारखंच भासू शकतं.

भीमाकाठ:
फोन केला, तुकडे अजून आहेत. ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मुंबईला दाखवायचे तर काय काय न्यायचं? आयएचसी (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी) इथेच करून घेऊ का?

स्लाइडवाचक:
इथे नको. जिथे रिव्ह्यू (दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी) होईल तिथेच करू दे, नाहीतर ब्लॉक कापून कापून संपतो. सगळ्या एचअँडई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइड, सगळे पॅराफिन ब्लॉक, ग्रॉस (नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेल्या) वर्णनासह रिपोर्ट, ऑपरेशन नोट आणि आधीची सोनोग्राफी न्या. लॅबकडून क्रमांकांसह पोच घ्या. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गर्भाशयाचे सार्कोमा नेहमी पाहणारा पॅथॉलॉजिस्ट मिळेल, मुद्दा तोच आहे.

आयएचसीत डेस्मिन आणि एच-कॅल्डेस्मॉन या मार्करनी गाठ स्नायूचीच का ते कळतं. सीडी१०, ईआर, पीआर (शेवटचे दोन हार्मोन रिसेप्टर) स्ट्रोमल सार्कोमासाठी (गर्भपिशवीच्या अस्तराच्या आधारपेशींचा कर्करोग), पण सीडी१० स्नायूच्या गाठीतही येतो, एकट्यावर भरवसा नको. एचएमबी-४५ पीईकोमा या दुर्मिळ गाठीसाठी. पी१६ भरघोस आणि पी५३ विकृत आलं तर पारडं सार्कोमाकडे झुकतं, तरी निकाल एचअँडईवरच लागतो. एफएच हा मार्करही मागा. तो गेलेला असेल तर विचित्र दिसणारा पण सौम्य फायब्रॉइड असू शकतो. मात्र मग जनुकीय तपासणी लागते, कारण असा जनुकीय दोष असलेल्या घराण्यांत मूत्रपिंडाचा आक्रमक कर्करोग आढळतो.

ओटीनोट:
स्कॅनबद्दल. छाती, पोट, ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी पुरतो. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा. लायोमायोसार्कोमा रक्तातून फुफ्फुसात जातो, म्हणून छातीचा सीटी. एक्स-रेवर बारीक गाठी निसटतात. पेट स्कॅन संशय राहिला तरच. ओटीपोटाचा एमआरआय आत्ता केलात तर ऑपरेशनची सूज आणि रक्त यांतच गोंधळ होईल, रिव्ह्यू आल्यावर ठरवा.

बॅगेशिवाय मॉर्सेलेशन इथे महत्त्वाचं का, तर तुकडे पोटात पसरतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये याच कारणासाठी पॉवर मॉर्सेलेटरवर ठळक इशारा छापायला लावला. त्यांचा तेव्हाचा अंदाज होता: फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला न ओळखलेला सार्कोमा.

रिव्ह्यूत लायोमायोसार्कोमा ठरला तर सर्जन पुन्हा दुर्बीण किंवा चीर घेऊन पोट तपासण्याचा विचार करतात आणि दिसतील ते तुकडे काढतात. लसिकाग्रंथी सरसकट काढत नाहीत. या वयात अंडाशय ठेवता येतात. लो-ग्रेड स्ट्रोमल सार्कोमा निघाला तर मात्र उलट: अंडाशय काढायचे, इस्ट्रोजेन आणि टॅमॉक्सिफेन टाळायचं, गरज पडल्यास इस्ट्रोजेन कमी करणारं लेट्रोझोल. एकाच स्लाइडवरून इतके वेगळे रस्ते फुटतात, म्हणून रिव्ह्यूआधी केमो सुरू करणं मला पटत नाही.

केमोवॉर्ड:
त्याला जोड. पूर्ण काढलेल्या पहिल्या टप्प्याच्या लायोमायोसार्कोमात केमोने आयुष्य वाढतं, हे सिद्ध झालेलं नाही. ते तपासणारी जीओजी-२७७ चाचणी पुरेशा रुग्णांअभावी आधीच थांबली. ओटीपोटाच्या रेडिएशननेही आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. मॉर्सेलेशननंतरचा निर्णय ट्यूमर बोर्डाने (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या गटाने) घ्यावा. पसरलेल्या रोगात डॉक्सोरुबिसिन हे केमोचं मुख्य औषध. आधी २डी इको हवा, कारण हृदयावरचा परिणाम एकूण डोसवर साठत जातो. डॉक्सोरुबिसिनला ट्रॅबेक्टेडिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्यमान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगतात) २४ वरून ३३ महिन्यांवर गेलं, असं फ्रान्सच्या एलएमएस-०४ चाचणीत २०२४ मध्ये दिसलं. पण रक्तपेशी उतरणं आणि इतर त्रासही बरेच वाढतात.

'स्टम्प'च कायम राहिला तर केमो नाही. पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर ठरवतील ते स्कॅन, नंतर वर्षातून एकदा. तो उशिराही उलटतो, कधी सार्कोमा होऊन. त्यामुळे ब्लॉक परत मिळाले की फाइलसोबत घरी जपून ठेवा.