मदत हवी आहे : कतारच्या नोकरीचा हिशेब कसा मांडावा?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ आयटीआय केलेला वेल्डर असून लोटे औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे कामाला आहे. महिना पूर्ण भरला तर १८,००० रुपये हाती येतात, पण काम नसले की खाडे पडतात. आता त्याला कतारमध्ये दोन वर्षांच्या कराराची नोकरी सांगून आली आहे : पगार १,६०० रियाल, राहणे-जेवण कंपनीचे. रियालला २४ रुपये धरले तर हे ३८,४०० रुपये होतात.

मला वाटते, त्याला खरी ओढ दुप्पट पगाराची नसून शिल्लकीची आहे. इथे खोलीभाडे आणि किराणा भागवून काही उरत नाही, तिथून मात्र तो दरमहा ३०,००० रुपये पाठवू शकेल. आमची हापूसची थोडी कलमे आहेत आणि मोहोर करपला की वर्षाचे उत्पन्न जाते, त्यामुळे घरातल्या एकाचा पगार बागेशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून येणे हा आम्हाला मोठाच आधार वाटतो. आजोबा मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर पाठवत, तीही याचसाठी. शिवाय कतारचा रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला असल्याने रुपया घसरला तर घरी येणारी रक्कम वाढते.

अडचण एजंटाची आहे. तो १,२०,००० रुपये मागतो आणि पावती देण्यास तयार नाही. माझ्या माहितीप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. एजंट मागतो ते १,२०,००० रुपये आम्हाला दरमहा ३ टक्के व्याजाने उचलावे लागतील, म्हणजे ३,६०० रुपये नुसते व्याज, आणि पहिले चार-पाच महिने त्याची सगळी कमाई कर्जफेडीतच जाईल. भाऊ दहावी उत्तीर्ण असल्याने त्याला परदेशगमन मंजुरी (कमी शिकलेल्या कामगारांना आखातात जाण्याआधी घ्यावी लागणारी सरकारी परवानगी) लागत नाही, त्यामुळे सरकारी कार्यालयात त्याच्या कराराची तपासणीही होणार नाही, याची मला फार काळजी वाटते.

आपल्यापैकी कोणी किंवा घरचे कोणी आखातात काम केले असेल, तर कृपया सांगावे : करारातला पगार आणि हाती पडलेला पगार यांत फरक पडला का? २०२१ पासून तिथे किमान वेतन १,००० रियाल आहे. १,६०० मध्ये ओव्हरटाइम धरलेला असण्याची शक्यता किती? कर्ज न काढता जाण्याचा मार्ग कोणाला सापडला का? एजंटाला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे आहे.